बेरजेने मोठी केलेली कात्री

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाला सगळी गल्ली खेकड्याचं दुकान म्हणायची. पाटीवर खेकडा नव्हता. तिथे होती कात्री, निदान मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे तरी ती कात्रीच होती. पण ती जितकी लांब जवळजवळ तितकीच रुंद होती. पाती आखूड आणि जाडजूड, आणि मुठीच्या दोन कड्या दोन्ही बाजूंना अशा बाहेर आलेल्या की नव्या माणसाला ते डोळेच वाटत. दुकान नवीन असताना एकाने आत डोकावून "ताजे आहेत का?" असं विचारलं होतं. मास्तरांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चूक रंगाऱ्याची, हे मास्तरांचं मत कायम होतं. मापं तर त्यांनी स्वतः काढून दिली होती. दुकानाच्या छापील कार्डावरची कात्री तीन बोटं लांब आणि एक बोट रुंद होती. पाटीवर मोठी हवी म्हणून त्यांनी लांबीत एक हात मिळवला आणि रुंदीतही एक हातच मिळवला. दोन्हीकडे सारखं, कुणावर अन्याय नको. रंगारी कुरकुरला, म्हणाला, मास्तर, हे कात्रीसारखं दिसणार नाही. मास्तरांनी त्याला गप्प केलं. माप माझं, रंग तुझा. रंगाऱ्याने खांदे उडवले, सांगितलं तेवढं रंगवलं आणि शिडी उचलून चालता झाला.

मापाच्या बाबतीत आपल्याला चार गोष्टी सांगाव्यात असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मास्तरांना प्रामाणिकपणे वाटे. कापडापुरतं ते फारसं चूकही नव्हतं. ते शाळेचे गणवेश कापत. सहावीत असताना वडिलांची नजर गेली, तेव्हा मामाने त्यांना शाळेतून काढून आपल्या शिलाईच्या दुकानात आणलं, आणि पुस्तकातलं गणित जिथे तुटलं तिथून मामाचं गणित सुरू झालं. मामा मधल्या मापाच्या सदऱ्याचा पॅटर्न जाड तपकिरी कागदावर काढायचा आणि त्यावरून मोठी मापं वाढवत न्यायचा. माप एकाने वाढलं की छातीला दोन इंच मिळवायचे, उंचीला एक, बाहीला पाऊण, गळ्याला पाव. पोर वाढतं तसा कागद वाढव, एवढंच तो सांगायचा. बरोबरीची मुलं पाढे म्हणत होती त्या वयात मास्तर छातीला दोन, उंचीला एक असं म्हणत होते. ते त्यांच्या हाडामासांत इतकं भिनलं की पुढे एखादं पोर दुकानापुढून पळत गेलं तरी ते मान वर न करता त्याचं माप सांगत. त्यांनी कापलेला गणवेश कधी परत आला नाही. आला तर पोर मधल्या काळात वाढलं म्हणून.

माणूस तसा चांगला, पण नाकावर राग. स्वतःचं दुकान काढल्यावर काजं करायला त्यांनी एक मुलगी ठेवली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण मुलांचा गळा आवळतं. मास्तर भडकले, दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी ते बटण अर्धं बोट खाली घेतलं आणि पुढे तिच्याशी लग्न केलं. तिचं मशीन दाराशी असे, कारण हात चालू असताना तिला रस्ता दिसायला हवा असे. त्यांच्या आयुष्यात त्यांची चूक तोंडावर दाखवणारी तेवढी एकच व्यक्ती होती, आणि तिलाही ते दर वेळी पहिल्यांदा नाहीच म्हणत.

मास्तरांना दोन मुलं. मोठा मुलगा, त्याला घरात थोरला म्हणत, आणि त्याच्यामागून बऱ्याच वर्षांनी झालेली मुलगी, बारकी. दुकानातलं लांबलचक कटिंगचं टेबल संध्याकाळी एका टोकाला रिकामं होई. कापडाचे तागे सरकत, खडूची भुकटी पुसली जाई, आणि उंच स्टुलावर शाळेतलं पोर येऊन बसे. ही वेळ गणिताची. मास्तरांनी दोन्ही मुलांना अपूर्णांक टेपवर शिकवले. इंचाचे आठ सूत, दोन सुतांचा पाव, चारांचा अर्धा. मुलांना शाळेत शिकवायच्या आधीच ते येत होते. या वेळेत मास्तरांचा राग कुठे जायचा कोण जाणे. ते हळू बोलत, पेन्सिलला टोक करून देत, आणि उत्तर बरोबर आलं की स्वतःच जिंकल्यासारखे बायकोकडे बघत.

थोरला वरच्या वर्गात गेला आणि एके दिवशी अक्षरांची गणितं घेऊन आला. मास्तरांनी पान पाहिलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि म्हणाले, अक्षरांची कुठे बेरीज होते का? पुस्तक लिहिणाऱ्याचं डोकं फिरलंय. असलं काही असेल तर शाळेतच विचार. थोरल्याने पुस्तक मिटलं. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. तो फक्त टेबलाशी यायचा बंद झाला. गणितं गेली आणि गणितांच्या आडून जे बाकीचं बोलणं होत होतं, कोण पडलं, कोण पळालं, कुणाला शिक्षा झाली, तेही गेलं. आता तो दुसऱ्या गावी फ्रिज दुरुस्त करतो. फोन येतो, आणि तो मास्तरांनी उचलला तर तिकडून विचारणा होते, बरे आहात ना, आणि लगेच, आईला द्या.

हे सगळं कुठून सुरू झालं ते मास्तरांना उशिरा कळलं, पण कळलं. म्हणून बारकी जसजशी वरच्या वर्गात चढत होती, तसतसे ते धास्तावत होते. एक दिवस हिचंही गणित आपल्या डोक्यावरून जाणार आणि त्या दिवसापासून स्टूल रिकामं राहणार. बायकोला ते हे बोलले नव्हते. दर वर्षी पुस्तकं नवी आली की बारकीने ती शाळेत न्यायच्या आधी एकटेच चाळून बघत, आणि अजून जमतंय असं दिसलं की त्या दिवशी गिऱ्हाइकांशी जरा गोड बोलत.

सातवीच्या पुस्तकात आकार लहान-मोठे करण्याचा धडा होता. मास्तरांनी चित्रं पाहिली, एक छोटा आयत, शेजारी मोठा आयत, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हे तर आपलंच काम. बारकीने पहिलं गणित वाचून दाखवलं. एक आयत तीन रुंद आणि नऊ लांब आहे. तो मोठा केला तेव्हा रुंदी सहा झाली, तर लांबी किती? मास्तरांनी पेन्सिलसुद्धा उचलली नाही. रुंदीत किती मिळवले? तीन. मग लांबीत तीन मिळव. बारा. बारकीने विचारलं, सदऱ्यात तर छातीला वेगळं आणि गळ्याला वेगळं मिळवतात, मग इथे सारखंच का? प्रश्न चांगला होता, आणि मास्तरांकडे उत्तर तयार होतं. आयताला कुठे छाती असते नि कुठे गळा? त्याला सगळीकडे सारखंच. बारकीला ते पटलं. तिने बारा लिहिले, आणि पुढची सगळी गणितं दोघांनी मिळून झपाट्याने उडवली.

त्यानंतरच्या संध्याकाळी मास्तरांच्या आयुष्यातल्या फार सुखाच्या गेल्या. धडा लांबला होता. बारकी रोज एक-दोन गणितं आणी, समोर बसून लिही, मध्येच स्वतःहून विचारी, म्हणजे इथे पाच मिळवायचे ना, बाबा? आणि मास्तर म्हणत, पाचच. ती आताशा लिहिताना मान फार खाली घालते, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. नंबर लागला असेल, डोळे दाखवायला हवेत, असं ते बायकोला म्हणाले. बायकोने दोऱ्याला गाठ मारली आणि बरं म्हणाली.

मग एके सकाळी बारकीच्या गणिताच्या बाई दुकानात आल्या. त्यांचं काम साधं होतं, नव्या कोटाच्या बाह्या लांब झाल्या होत्या. मास्तरांनी त्यांना आरशापुढे उभं केलं, बाही दुमडली आणि टाचण्या लावायला घेतल्या. बाईंनी आरशातूनच सांगायला सुरुवात केली की तुमची मुलगी हुशार आहे, आणि हुशारीपेक्षाही प्रामाणिक आहे. आकारांच्या धड्यात तिची पहिल्या दिवशीची सगळी उत्तरं चुकली होती. सगळी एकाच पद्धतीने. जिथे गुणायचं तिथे ती मिळवत होती. मास्तरांच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्यांनी त्या तशाच ठेवल्या.

बाई सांगत गेल्या. बरीच मुलं अशी चुकतात, त्यांना त्याचं नवल नव्हतं. पण ही मागे हटेना. मोठं करतात ते असंच करतात, म्हणाली. तेव्हा बाईंनी फळ्यावर एका उभट चौकटीत चेहरा काढला आणि तिच्याच पद्धतीने चौकट वाढवून त्यात तो परत काढला. चेहरा पसरट झाला, वर्ग हसला. ती हसली नाही. नुसती बघत राहिली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती तपकिरी कागदाचे दोन जुने पॅटर्न घेऊन आली, एक लहान सदऱ्याचा, एक मोठ्याचा, आणि बाईंची परवानगी काढून फळ्यापुढे उभी राहिली. तिने वर्गाला सांगितलं की हे दोन बेरजेनेच केलेत आणि ते बरोबर आहेत. कारण पोराचे हात भरभर वाढतात, मान तितकी वाढत नाही. मोठं झालेलं पोर लहानपणच्या आकाराचं राहत नाही, म्हणून कागदही त्याच आकाराचा राहून चालत नाही. पण आयत कुणाच्या अंगात घालायचा नसतो. त्याला फक्त स्वतःसारखं राहायचं असतं. मग एक बाजू दुप्पट झाली तर दुसरीही दुप्पट व्हायला हवी.

"मी तिला विचारलं, बेरीज करायला तुला कुणी शिकवलं?" बाई म्हणाल्या. "तर म्हणाली, कुणी नाही. माझं मीच ठरवलं होतं."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्या परीक्षेचं काहीतरी बोलल्या आणि कोट ठेवून गेल्या. मागाहून मास्तरांनी पाहिलं तर आपण एका बाहीला खूण केली होती मनगटाशी आणि दुसरीला दोन बोटं वर. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पहिल्यांदा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. नेमका राग कुणाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंचा, पुस्तकाचा, की रोज समोर बसून पाचच ना, बाबा, असं विचारणाऱ्या त्या एवढ्याशा पोरीचा. आपण इथे रोज तिला शिकवतोय आणि ती आपल्याला खेळवतेय, हे त्यांना फार लागलं. मग राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. त्यांना लाज वाटली. वर्ग हसला तेव्हा ती एकटी उभी होती, आणि ती तिथे त्यांचं नाव घेऊ शकली असती.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी तपकिरी कागद ओढला. बाईंचं खरं की आपलं, हे कापून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं. तीन इंच बाय नऊ इंच असा एक तुकडा कापला. लांबट, पट्ट्यासारखा. मग आपल्या पद्धतीचा सहा बाय बारा. दोन्ही शेजारी ठेवले आणि ते मागे सरकून उभे राहिले. पहिला रुंदीच्या तिप्पट लांब होता, दुसरा दुप्पटच. पट्ट्याची उशी झाली होती. मग त्यांनी सहा बाय अठरा कापला आणि छोटा तुकडा त्याच्यावर ठेवून पाहिला. शेजारी एक, खाली दोन, बरोबर चार बसले, सूतभर कागद उरला नाही की कमी पडला नाही. आपल्या तुकड्यावर मात्र दोन बसले आणि बाकीची नुसती चिंधी राहिली. रुमाल दोन्ही बाजूंनी दुप्पट करायचा तर कापड चौपट लागतं, हे त्यांना कायम माहीत होतं. हात रोज ते करत होते. तोंडाने मात्र त्यांनी पोरीला दुसरंच सांगितलं होतं.

ते चपला घालून रस्त्यापलीकडे गेले आणि पाटीकडे तोंड करून उभे राहिले. तीन बोटांत एक हात आणि एका बोटात एक हात. खेकडा होणार नाही तर काय होणार? रंगाऱ्याला किती वर्षं शिव्या दिल्या होत्या. तो बिचारा कुठे गेला होता कुणास ठाऊक. पानपट्टीवरच्या माणसाने काय बघताय, मास्तर, म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, पाटी धुवायला झालीय.

परत आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही, त्यावरूनच त्यांना कळलं की हिला माहीत आहे. तुला माहीत होतं? होतं. मग मला का नाही सांगितलं? तेव्हा तिने मशीन थांबवलं.

"तिने मला शपथ घातली होती," ती म्हणाली. "म्हणाली, बाबांना कळलं की आपलं चुकलं, तर ते मला म्हणतील, शाळेतच विचार. दादाला म्हणाले तसं."

थोरल्याने पुस्तक मिटलं तेव्हा बारकी दोऱ्याच्या रिळांची गाडी करून टेबलाखाली खेळत होती. तिने ते वाक्य ऐकलं असेल आणि इतकी वर्षं जपून ठेवलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती स्टूल सोडून जाईल म्हणून ते घाबरत होते. आणि ती घाबरत होती की ते स्टुलावरून उठवतील. म्हणून पोरगी रोज संध्याकाळी येऊन बापासाठी खोटं लिहीत बसत होती. कुणी आपलं तोंड बघू नये म्हणून ते बराच वेळ ताग्यांच्या मागे काहीतरी शोधत राहिले.

आता इथे माणसाचा स्वभाव बघा. संध्याकाळ व्हायच्या आत मास्तरांनी एक तोड काढली होती. आपल्याला कळलं हे तिला कळूच द्यायचं नाही. आज गणित आलं की टेचात म्हणायचं, अगं, इतके दिवस मी तुझी परीक्षा बघत होतो, हे असं मिळवायचं नसतंच मुळी, हे बघ चार तुकडे. पोरीची सुटका होईल, आपला मान राहील, आणि स्टूलही जागच्या जागी राहील. त्यांनी तुकडे नीट रचून कापडाखाली ठेवलेसुद्धा.

बारकी आली. दप्तर ठेवलं, स्टुलावर चढली. गणित काढलं: फोटो चार रुंद, सहा उंच, मोठा करून रुंदी आठ झाली, उंची किती? आणि मान खाली घालून तिने हळूच विचारलं, म्हणजे चार मिळवायचे ना, बाबा? मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. खोटं बोलण्याचा तिला जराही सराव झाला नव्हता. या पोरीचा मान कुणी राखायचा, असं मास्तरांच्या मनात आलं, आणि तोंडाशी आलेलं ते टेचातलं वाक्य त्यांच्याने बोलवेना.

"बाई आल्या होत्या सकाळी," ते म्हणाले.

पेन्सिल थांबली. बारकीने आईकडे पाहिलं. आई सुई ओवत होती.

"मला हे येत नव्हतं, बारके. मी तुला चुकीचं सांगितलं. आता तू मला शिकव."

बाबा आपल्यावर रागावणार की काय, याचा बारकी अंदाज घेत असावी. मास्तरांनी कापडाखालचे तुकडे काढून तिच्यापुढे सरकवले आणि सांगितलं की दुपारी इथवर आलोय, पुढचं तू सांग. तुकडे पाहून मात्र तिला राहवलं नाही. ती स्टुलावर गुडघे टेकून बसली, छोटा तुकडा मोठ्याच्या कोपऱ्यावर कोपरा जुळवून ठेवला आणि मास्तरांचीच लांब पट्टी घेऊन त्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी लावली. पट्टी छोट्या तुकड्याच्या कोपऱ्यावरून गेली आणि नेमकी मोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पोचली. मग तिने छोटा तुकडा बारा लांबीच्या तुकड्यावर ठेवून पट्टी तशीच लावली. ती भलतीकडेच बाहेर पडली. असं झालं की आकार बदलला समजायचं, ती म्हणाली. मास्तरांनी स्वतः लावून पाहिलं. मग परत लावून पाहिलं. पट्टी त्यांची, कागद त्यांचा, आणि हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. पण का कोण जाणे, त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. ती भराभर बोलत होती. मध्येच तिने वर्गात कोण कसं हसलं ते सांगितलं, मग एका मैत्रिणीचं काहीतरी सांगितलं, मग पुन्हा गणितावर आली. आपल्या पोरीचा आवाज इतका मोठा आहे हे मास्तर जवळजवळ विसरले होते.

मग तिने त्यांना गणितं घातली. दुपटीचं घातलं, ते आलं. तिपटीचं घातलं, तेही आलं. मास्तर खुशीत आले, बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, बघताय काय, अजून घालणार आहे ती.

बारकीने विचार करून एक त्रिकोण काढला. तळ चार, उंची दहा. मोठा केल्यावर तळ सहा झाला, तर उंची किती?

मास्तरांनी तळाकडे पाहिलं. चाराचे सहा. हे दुप्पट नव्हतं, तिप्पटही नव्हतं. मनात तुकडे रचून पाहिले, ते नीट बसेनात. मग आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या हाताने आपली जुनी वाट धरली. चारात दोन मिळवले की सहा. दहात दोन मिळवले की बारा. त्यांनी बारा लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली.

बारकीने उत्तर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, गेले कित्येक दिवस संध्याकाळी येत होतं ते, सांभाळून घेणारं, आणि मास्तरांना आज ते नीट ओळखू आलं. तिचे ओठ बरोबर म्हणण्यासाठी उघडलेसुद्धा. मास्तरांनी मान खाली घातली नाही. ते तिच्याकडे बघत राहिले. उत्तर चुकलंय हे त्यांना तिच्या तोंडावरूनच कळलं होतं. फक्त ती ते बोलते की नाही, एवढंच आता बाकी होतं, आणि त्यांना वाटलं, आज ही बरोबर म्हणाली तर उद्या ही येईल, परवा येईल, आणि मग एक दिवस आईला द्या म्हणेल.

बारकीने तोंड मिटलं. मग तिने खोडरबर उचलला आणि त्यांचे बारा खोडून टाकले.

"चुकलं, बाबा," ती म्हणाली. "परत करा."

मास्तरांनी पेन्सिल उचलली आणि परत करायला घेतलं.